हेक्टरच्या रकान्यात सापडलेली वाडी

खानापूर तालुक्यातल्या एका गावाच्या माहितीपुस्तिकेचा मसुदा तपासायला आला होता. गावातल्याच मंडळींनी मेहनतीने लिहिलेला. चतुःसीमा, ओढे, विहिरी, देवस्थानं, पिकं, सगळं नीट होतं. लोकसंख्येच्या पानावर मात्र एका वाक्यापाशी मी थांबलो : 'दुष्काळ आणि गलाई व्यवसायामुळे 2001 ते 2011 या दहा वर्षांत गावाची लोकसंख्या जवळपास एक तृतीयांशाने घटली.'

दोन्ही आकडे जनगणनेतले होते आणि बरोबर उतरवलेले होते. कारणही सहज पटावं असं. विटा-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, घरटी एखादा तरी गलाईला बाहेर असतो, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणूनच ते वाक्य कुणी तपासलं नसावं. पण दहा वर्षांत तिसरा हिस्सा माणसं जातात तेव्हा गावठाण तसं दिसतं. पडकी घरं वाढतात, शाळेची एखादी तुकडी बंद पडते. इथे घरांना कुलपं होती, पण भिंती रंगवलेल्या आणि अंगणं झाडलेली होती.

अशा वेळी पहिल्यांदा लोकसंख्या बघायची नाही, क्षेत्रफळ बघायचं. जिल्हा जनगणना पुस्तिकेचे दोन भाग असतात. 'ब' भागात कुटुंबं, स्त्री-पुरुष, 0 ते 6 वयोगट, साक्षर, कामकरी यांचे आकडे असतात आणि बहुतेक जण तेवढंच उतरवून घेतात. गावाचं क्षेत्र हेक्टरमध्ये 'अ' भागात, ग्रामनिर्देशिकेत असतं. दोन्ही जनगणनांचे 'अ' भाग शेजारी ठेवले आणि गोष्ट उघडी पडली. क्षेत्रही जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं होतं. माणसं कमी झाली हे समजू शकतं, पण इथे शिवारच आटलं होतं.

क्षेत्र कमी दिसण्याची कारणं मोजकीच असतात. एक म्हणजे एककाचा घोळ. जुन्या पुस्तिकांत एकर किंवा चौरस मैल असतात आणि 1 हेक्टर म्हणजे 2.47 एकर, हे रूपांतर करताना चूक होते. इथे दोन्हीकडे हेक्टरच होते. तलावाखाली जमीन गेली म्हणावं, तर तिची मालकी बदलते, पण ती गावाच्याच क्षेत्रात राहते. शेजारी नगरपंचायत होऊन गावाचा भाग तिच्यात गेला, असंही नव्हतं. उरलं एकच कारण : गावाची वाडी स्वतंत्र महसुली गाव, म्हणजे जमिनीच्या दप्तरात वेगळं धरलेलं गाव, झाली असणार.

तलाठी कार्यालयात गाव नमुना एक काढून घेतला. आकारबंदावरून, म्हणजे प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकार दाखवणाऱ्या मोजणीच्या कागदावरून, तयार होणाऱ्या या जमिनीच्या नोंदवहीतली एकूण बेरीज 2011च्या हेक्टरशी जुळली. मग गटनकाशा पसरला. उत्तरेच्या ओढ्यापलीकडचा पट्टा त्यात नव्हताच. तो वाडीच्या नकाशात होता आणि वाडीला स्वतःचे सातबारे, स्वतःचा आठ-अ. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 4 खाली अधिसूचना निघाली की वाडीचं असं गाव होतं. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा एका तारखेला गोठवतात. 2011साठी ती 31 डिसेंबर 2009 होती. अधिसूचना त्याआधीची असणार, म्हणूनच वाडीला वेगळा सहा अंकी ग्रामसंकेतांक मिळाला. वाडीचे आकडे मूळ गावाच्या आकड्यांत मिळवले, तर बेरीज 2001पेक्षा थोडी वरच गेली.

मग गावाच्या हे लक्षात कसं आलं नाही? कारण ग्रामपंचायत अजून एकच होती. महसुली गाव वेगळं झालं म्हणून ग्रामपंचायत आपोआप वेगळी होत नाही, तिचा कायदा आणि अधिसूचना निराळी. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, वाडीची घरं अजूनही मूळ गावाच्याच घरांबरोबर मोजलेली होती. पारावर एका आजोबांना विचारलं, "आबा, वाडी निराळी कधी झाली?" ते म्हणाले, "कागदावर झाली आसंल. जत्रंची वर्गणी एक, पालखी एक. गाव कुठं निराळं झालंय?" मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. पुस्तिकेत लोकसंख्येच्या पानावर नाही, पण गावाच्या ओळखीच्या पानावर ते गेलंच पाहिजे.

गलाईचा परिणाम खोटा नाही, फक्त तो दुसरीकडे शोधावा लागतो. 2011ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, संदर्भक्षण, म्हणजे आकडे ज्या घडीचे धरतात ती घडी, 1 मार्चचा 00:00 वाजताचा. जो या सगळ्या काळात बाहेर होता, तो जिथे होता तिथे मोजला गेला. मतदार यादीत मात्र अनेकांची नावं गावातच असतात आणि जत्रेला ती माणसं घरी येतात. म्हणून प्रौढ लोकसंख्या आणि मतदार यांतला फरक, बंद घरं आणि कर्त्या वयातल्या पुरुषांचं प्रमाण एकत्र बघितलं, तरच गलाईचा अंदाज येतो.

इतिहासाच्या पानावरही एक दुरुस्ती निघाली. मसुद्यात 'ब्रिटिश काळात गाव सांगली जिल्ह्यात होते' असं होतं. तेव्हा खानापूर सातारा जिल्ह्यात होतं. 1949मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव 1960मध्ये मिळालं. म्हणून 1885च्या गॅझेटियरचा सातारा खंड काढायचा आणि 1951ची जनगणना 'दक्षिण सातारा' नावाखाली शोधायची. पलीकडे आटपाडीचं गाव असतं तर वाट आणखी वेगळी. आटपाडी औंध संस्थानात होती, 1948च्या विलीनीकरणाआधीचे कागद संस्थानी दप्तरातच बघावे लागतात.

साक्षरतेचा टक्का पुन्हा काढला. तो एकूण लोकसंख्येवर नाही, 0 ते 6 वयाची मुलं वजा करून उरलेल्यांवर काढतात. मसुद्यात तो एकूण लोकसंख्येवर काढल्यामुळे विनाकारण कमी दिसत होता.

ते घटीचं वाक्य काढलं. त्याजागी तीन रकान्यांचा तक्ता दिला : मूळ गाव, वाडी, एकूण. तिन्हींत लोकसंख्येशेजारी क्षेत्र हेक्टरमध्ये, आणि खाली टीप : '2001च्या आकड्यांत वाडी समाविष्ट आहे, 2011मध्ये ती स्वतंत्र महसुली गाव म्हणून मोजली आहे.' अधिसूचनेची तारीख प्रत हातात आल्यावर भरायची म्हणून जागा मोकळी ठेवली आणि प्रतीसाठी तहसील कार्यालयात अर्ज दिला.