काटा हलत नाहीये ताई, आता काय करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण दुकानात माप घेता घेता सांगायला गेलं की निम्मं राहूनच जातं. प्रश्न साधारण एकच असतो, पहिल्या पंधरवड्यात वजन भराभर उतरलं आणि मग दोन-तीन आठवडे झाले काटा जागचा हलत नाही, खाणं तेच, कृष्णेकाठी चालायला जाणं तेच, मग आता रात्रीचं जेवण बंदच करू का? डॉ. दीक्षितांचं डाएट पाळणाऱ्या असोत नाहीतर ऋजुता दिवेकरांचं, दोन्हीकडच्या बायका हेच विचारतात. मला विचारतात कारण माझं वजन उतरलेलं सगळ्यांनी बघितलंय, आणि शिवाय सांगलीत माझं शिलाईचं दुकान आहे, वर्षानुवर्षांची मापं वहीत आहेत.

रात्रीचं जेवण बंद करू नका. महिनाभर तरी काहीच बदलू नका, आहे तेच चालू ठेवा. हे ऐकून बऱ्याच जणी नाराज होतात मला माहितीये, पण का म्हणतेय ते बघा.

ते पहिलं भराभर उतरलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, मोठ्या माणसात साधारण अर्धा किलोपर्यंत, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याबरोबर पाणीही जातं, म्हणून आठवड्यात दोन किलो उतरल्याचा आनंद होतो. चरबी एवढ्या वेगानं जातच नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, तुम्ही रोज 300 कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला 2100 होतात, म्हणजे जेमतेम पाव किलो. आणि मीठ, पाळी, पोट साफ न होणं, नवीन व्यायामानं आलेली सूज यानं वजन दोन दिवसांत सहज किलोभर वरखाली होतं. आता सांगा, पाव किलो खरोखर गेलेलं असलं तरी ते त्या किलोभराच्या वरखालीत दिसणार कसं? रविवारी मटणाचा रस्सा, पापड, लोणचं झालं की सोमवारी काटा वर जाणारच, ते मीठ धरून ठेवलेलं पाणी आहे, चरबी नाही, आणि त्याच सोमवारी नेमकं आपण वजन करतो आणि दिवसभर तोंड पाडून बसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यातलं वजन तर मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशीच ताडून बघा, मधल्याशी नको.

म्हणून मी टेप मानते. एक शिक्षिका आहेत, माझ्या जुन्या गिऱ्हाईक, त्या आल्या त्याच मुळी रडवेल्या होऊन, म्हणाल्या महिन्याभरात शंभर ग्रॅम पण नाही उतरलं, सोडून देते सगळं. ब्लाउज टाकायला आल्या होत्या म्हणून माप घेतलं तर दंडघेर पाऊण इंच कमी, कमरेला सव्वा इंच कमी, मी वही उलटी फिरवून त्यांच्यासमोर ठेवली, जुन्या आकड्याखाली नवा आकडा. त्यांना पटेना, मला परत टेप लावायला लावली. मग अंगावरच्याच ब्लाउजची बाही चिमटीत धरून दाखवली, चांगली ढिली येत होती. त्यांनी नुकताच जिम सुरू केला होता, स्नायू दुरुस्त होताना पाणी धरतात, थोडे भरतातही, त्यामुळे आतून चरबी कमी होत असताना काटा तिथंच राहिला होता. काट्याला चरबी, पाणी, स्नायू, पोटातलं अन्न सगळं एकच.

मापाबद्दल एक सांगते, ब्लाउजची कमर आणि डॉक्टर म्हणतात ती कमर वेगळी. परकराच्या नाडीपाशीही घेऊ नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड हाताला लागतं ना, त्याच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडे बाईला 80 सेंटीमीटर आणि पुरुषाला 90 सेंटीमीटरच्या वर गेलं की शुगर-बीपीचा धोका वाढतो असं धरतात, म्हणजे साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच.

आता महिना गेला, वजनही तेच आणि मापही तेच, तर मग खरंच अडकलंय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, 80 किलोचं शरीर 72 चं झालं की त्याला लागतंच कमी, तेवढंच अंतर चाललं तरी जळतं कमी. आणि हळूहळू हातही सैल सुटतो, फोडणीत एक मोठा चमचा तेल जास्त पडलं की 120 कॅलरी, येताजाता मूठभर शेंगदाणे खाल्ले की दीडशेच्या वर. उपासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी तर बोलायलाच नको. पाच-सहा दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा, बहुतेक तिथंच सापडतं. एखादी गोष्ट कमी करा, भाकरीबरोबर उसळ वाढवा, आणि परत महिना द्या.

पण उपाशी राहू नका हो, हे मी अगदी मनापासून सांगते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, त्या मुलांना सारखी थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, डोक्यात दुसरा विषयच नाही नुसतं जेवण, आणि शरीरानं आपला खर्च पार कमी करून टाकला. ते प्रमाण फार मोठं होतं, मान्य, पण जेवण तोडलेल्या बायका मी दुकानात बघते, पंखा बंद करा म्हणतात, लेकरावर विनाकारण खेकसतात, आणि दोन आठवड्यांनी सगळं सोडून बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तोवरचं त्यांचं चाललेलं चांगलं होतं. 80 तले चार किलो जरी कमी झाले, म्हणजे पाच टक्के, तरी शुगर आणि बीपीला फरक पडायला लागतो. ते चार किलो परत न येऊ देणं हेही मोठं काम आहे, त्या महिन्यात काही झालं नाही असं म्हणू नका.

खूप थकवा, केस गळणं, पाळी बिघडणं असं काही असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना सांगून थायरॉइड बघून घ्या. इन्सुलिन, स्टेरॉइड आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी पण वजन वाढतं, पण म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, विचारायचं.

आणि घरी टेप नसेल किंवा स्वतःचं स्वतः घ्यायला जमत नसेल तर दुकानात या. दोन ते चार गर्दी नसते, काही शिवायला टाकायलाच पाहिजे असं नाही, पैसेही घेत नाही. फक्त दर वेळी त्याच सुमाराला या म्हणजे मापं एकमेकांशी जुळवता येतील, आणि महिन्याच्या आत येऊ नका.