पेन्सिलच्या खुणा

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं घरटं सापडलं की पहिला प्रश्न एकच, अंडी कधीची? घातल्यापासून काही तासांतच ती हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, हलवावी लागतात. पुढे आतला जीव कवचाला चिकटतो, मग अंडं उलटलं की तो मरतो. म्हणून आम्ही कासवमित्र पहाटेच किनारा धरतो.

गेल्या वर्षी शिमग्याच्या पुनवेच्या आदल्या दिवशी मला एक घरटं दिवसभर उशिरा सापडलं. आदल्या पहाटे मी तिथूनच गेलो होतो. पण कुणीतरी पुळणीवर जीप फिरवली होती आणि कासविणीचा माग चाकांखाली पुसला गेला होता. दापोली-गुहागरकडे येणाऱ्यांना पुळण म्हणजे मोकळं मैदान वाटतं. त्यांना अडवायला कुणी नसतं, याची मला अजून चीड येते.

कुत्र्यांनी उकरायला घेतलं होतं, म्हणून जागा कळली. अण्णांनी काठी दाबली, ती भसकन आत गेली. तरुणपणी अण्णा हीच अंडी काढून विकायचे. वेळासला २००२ साली संवर्धन सुरू झालं, पुढे आमच्या गावातही आलं, तेव्हापासून ते राखणीला आहेत. त्यांच्याइतकी वाळू कुणाला कळत नाही.

“हात नको लावूस,” ते म्हणाले. “जाळी घालू, रात्री राखू. पाणी इथवर यायचं नाही.”

भरतीची रेघ चार पावलांवर होती आणि मोठं उधाण पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. मी हलवायचं ठरवलं.

खड्डा घागरीसारखा असतो, तोंड अरुंद, पोट रुंद, दीडेक फूट खोल. पालथा पडून मी खांद्यापर्यंत हात घातला. उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलची खूण केली आणि ती खूण वरच राहील असं ते बादलीत ओल्या वाळूवर ठेवलं. तळातलं अंडं शेवटी निघतं, बादलीत वर येतं आणि हॅचरीतल्या नव्या खड्ड्यात पुन्हा तळाशी जातं. ११४ अंड्यांना दोन तास लागले. एकही कलंडलं नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो.

तिसऱ्या रात्री बॅटरी घेऊन मी रिकाम्या खड्ड्याशी उभा होतो. पाणी दोन हातांवरून परत फिरलं.

चोपन्नाव्या दिवशी टोपलीखाली २९ पिल्लं निघाली. त्याच आठवड्यात वेळेवर हलवलेल्या घरट्यातली १०८ पैकी ९३ समुद्रात गेली होती. माझ्या घरट्यातली उरलेली ८५ अंडी मी उघडून पाहिली. बहुतेकांत वाढ अगदी सुरुवातीलाच थांबलेली होती. कितीतरी कवचांवर माझी पेन्सिल अजून दिसत होती. अण्णा शेजारी बसून नोंदवहीत आकडे लिहीत होते. त्या दिवसाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

यंदा शिमग्याच्या उधाणाला मी मुद्दाम त्याच जागी गेलो. पाणी तिथून सहा पावलं वर चढलं होतं. पण पावसाळ्यात पुळण बदलते. त्यावरून गेल्या वर्षीचं काहीच ठरत नाही.