तुम्ही विचारलंत म्हणून: पानाला रेट किती घ्यायचा आणि नोकरी सोडू का

"ताई, मीपण डीटीपी आणि डिझाइनच करते, एजन्सीत आहे, वैताग आलाय, नोकरी सोडून घरून काम करावं म्हणते, तर पानाला रेट किती घेऊ?" हा मेसेज थोड्याफार फरकाने मला सारखा येतो, तुम्हीपण हेच विचारलंत म्हणून आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मी पुण्यात पुस्तकं, दिवाळी अंक आणि संस्थांचे वार्षिक अहवाल यांची मांडणी करते, म्हणजे आलेला मजकूर इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन छापखान्यात जाईल अशी फाइल तयार करून द्यायची, आणि बरीच वर्षं याच कामावर आमचं घर चाललंय.

रेटचं सांगते, पण आधी दुसरी गोष्ट. या धंद्यात माणूस रेट कमी मिळाला म्हणून क्वचित बुडतो, केलेल्या कामाचे पैसे चार-पाच महिन्यांनी आले म्हणून बुडतो. माझ्या ओळखीतल्या ज्या हुशार मुलामुलींनी वर्ष-दीड वर्षात परत नोकरी धरली, त्यांच्याकडे काम भरपूर होतं हो, हाताखाली माणूस ठेवावा इतकं होतं, पण सगळं एकाच तऱ्हेच्या लोकांचं आणि ते सगळे एकाच वेळी उशिरा देणारे. म्हणून कुणी नवं काम सांगितलं की मी पहिल्याच फोनवर विचारते, पैसे कधी आणि कसे देता तुम्ही? स्वच्छ विचारते, शेवटी पुटपुटत नाही.

दिवाळी अंकाचंच बघा. जूनपासून संपादकांचे फोन सुरू होतात, लेख यायला ऑगस्ट उजाडतो, गणपतीत जेमतेम अर्धा मजकूर हातात असतो आणि पितृपक्षात रात्री जागून पानं लावायची, कारण दिवाळी उलटून गेल्यावर स्टॉलवर आलेल्या अंकाला कुणी विचारत नाही. त्यात जाहिराती शेवटपर्यंत येत राहतात, एक अर्ध्या पानाची जाहिरात मधे घुसली की पुढची पानं सगळी सरकतात. आता पैशाचं बघा. बहुतेक अंक चालतात जाहिरातींवर, जाहिरातदार पैसे देतो छापलेला अंक हातात पडल्यावर, विक्रेत्यांचा हिशोब दिवाळी झाल्यावर होतो, न खपलेले अंक परत येतात, मग संपादक आधी कागदवाल्याचे आणि छापखान्याचे देतो आणि त्यानंतर आपला नंबर लागतो. म्हणजे सप्टेंबरात केलेल्या कामाचे पैसे डिसेंबर-जानेवारीत. यात कुणी वाईट नसतं, कितीतरी संपादक पदरमोड करून अंक काढतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण मधली दसरा-दिवाळी आपल्याही घरात असतेच ना.

याच्या उलट पतसंस्था आणि सहकारी बँका. त्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी नोटीस आणि अहवाल सभासदांकडे पोचायला हवा, म्हणजे तारीख कायद्यानेच बांधलेली. काम रुक्ष आहे, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, नफावाटणी, संचालक मंडळाचे फोटो सगळे एका मापात, आकड्यांचे रकाने उजवीकडून एका रेषेत. पण छपाईचा खर्च त्यांनी बजेटमध्ये धरलेला असतो, मंजुरी झालेली असते, त्यामुळे पेमेंट वेळेवर निघतं. माझं सगळं बस्तान या दोन कामांच्या जोडीवर बसलंय, अहवालांचे पैसे ऑगस्ट-सप्टेंबरात येतात आणि दिवाळी अंकांचे येईपर्यंत घर त्यावर चालतं. तुम्ही फोटोग्राफर असाल, व्हिडिओ एडिटर असाल, कंटेंट लिहीत असाल तर तुमची जोडी वेगळी असेल, पण ती शोधा. उशिरा देणारी कामं घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः घेते आणि आवडीने घेते, फक्त शेजारी वेळेवर देणारं काहीतरी हवं.

पुस्तकांचं वेगळं. तिथे टप्पे पाडता येतात आणि पाडायचेच. मी काम सुरू करताना एक तृतीयांश घेते, पहिलं प्रूफ (म्हणजे तपासायची प्रत) दिल्यावर आणखी एक तृतीयांश आणि छपाईची अंतिम पीडीएफ पाठवायच्या आधी उरलेला. तोपर्यंत जातं ते लो-रिझोल्युशनचं, पानावर फिकट अक्षरात 'प्रूफ' लिहिलेलं. मेसेज काय पाठवायचा हे पण विचारतात लोक, तर हा माझा नेहमीचा आहे: "सर, पहिलं प्रूफ मेल केलं आहे. ठरल्याप्रमाणे दुसरा हप्ता जमा झाला की करेक्शन्स घेते, म्हणजे महिनाअखेर फाइल छापखान्यात जाईल." एवढंच. 'सॉरी त्रास देतेय' नाही, 'जमलं तर बघा' नाही. पैसे मागण्याच्या वाक्यातच त्यांच्या कामाची तारीख असते, त्यामुळे तगादा वाटत नाही. आपल्याकडे भीड फार, ओळखीतून आलेलं काम असेल तर जीभच रेटत नाही, पण भीड ही भिकेची बहीण हे आपल्या आज्यांनी सांगून ठेवलंय.

कंपन्यांमध्ये एक खुबी आहे. ज्या माणसाने काम दिलं त्याला पैशाबद्दल विचारून काही होत नाही, त्याच्या हातात नसतंच ते. अकाउंट्समध्ये बिल कोण एंटर करतं त्याचं नाव आणि मेल आयडी सुरुवातीलाच मागून घ्या. व्हेंडर कोड झालाय का म्हणजे त्यांच्या सिस्टिममध्ये आपलं नाव चढलंय का, पीओ (परचेस ऑर्डर) नंबर बिलावर लागतो का, महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत बिल आलं तर त्याच महिन्याच्या पेमेंटमध्ये धरतात, एवढं काम सुरू होण्याआधी विचारायचं. एका कंपनीत माझं बिल दोन महिने पडून होतं, तर कारण एवढंच की बिलावर पीओ नंबर नाही म्हणून ते सिस्टिममध्ये चढलंच नव्हतं आणि मला ते कुणी सांगितलंही नव्हतं, अकाउंट्समधल्या बाईंना थेट फोन केला तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, मी दुरुस्त करून पाठवलं आणि पुढच्या पेमेंटला पैसे आले.

आता एक गोष्ट जी फ्रीलान्स करणाऱ्या खूप जणांना माहीत नसते. उद्यम नोंदणी करा, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट असते (कुणी पैसे मागितले तर ती सरकारी साइट नाही), आणि एकट्याने घरून सेवा देणाऱ्यालाही मिळते. एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा आहे आणि त्यात स्पष्ट आहे की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे आणि ती तारीखही 45 दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही, काहीच लेखी ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून असं झालंय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी करता येतो. हे लागू झाल्यापासून मार्च जवळ आला की कंपन्या आपणहून मेल करतात, तुमचा उद्यम नंबर आहे का म्हणून. उशिरा देणाऱ्याची सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते, पण खरं सांगायचं तर तक्रार केली की तो क्लायंट गेला असं धरून चाला. मी उद्यम नंबर बिलावर ठळक छापते आणि खाली एका ओळीत 45 दिवसांचं लिहिते, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नोंदणी आधी आणि काम नंतर, हा क्रम मात्र पाळा.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देणारा आपल्या बिलातून आधीच कापून घेतो त्या कराचं पण मनात धरून ठेवा. 60,000 चं बिल केलं की कुणी प्रोफेशनल फी समजून दहा टक्के कापतं, कुणी कंत्राट समजून एक टक्का, म्हणजे एकाच बिलाचे हातात 54,000 येतील नाहीतर 59,400. कापलेले बुडत नाहीत, रिटर्न भरताना हिशोबात येतात, पण त्याला महिने जातात आणि तेवढे दिवस ते आपल्याकडे नसतात. नोकरीचा पगार कापून येतो तो ठरावीक असतो, इथे मात्र घरखर्च बिलाच्या आकड्यावर न बांधता हातात येणाऱ्या आकड्यावर बांधायचा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही. बाकी तुमच्या सीएंना विचारा, पहिल्या वर्षीची त्यांची फी वसूल होते.

तर रेट. पानाला अमुक असा आकडा मी सांगत नाही कारण कवितेचं पान, तळटिपांचं पान आणि तक्त्यांचं पान यांना एक रेट लागूच होत नाही. तीन पानं स्वतः करून बघा, घड्याळ लावून, करेक्शन्ससकट. जुना मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये घेताना रफार आणि जोडाक्षरं कुठेकुठे फुटतात, ती डोळ्यांनी वाचूनच दुरुस्त करावी लागतात, तो वेळ वेगळा लावा. किती प्रूफं धरलीत ते लिहून द्या, पुढच्याचे वेगळे. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशी मूळ फाइल मागितली तर तिचे वेगळे. आणि जो अर्धे पैसे आधी देतो त्याला मी थोडं कमी लावते, जो नव्वद दिवसांनी देणार त्याला जास्त, आणि तसं दोघांना तोंडावर सांगते.

आता नोकरी सोडू का. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सगळे सांगतात, मी म्हणेन तुमचा सगळ्यात उशिरा देणारा क्लायंट किती महिन्यांनी देतो ते बघा आणि त्यात दोन मिळवा. आरोग्य विमा नोकरीतून मिळालेला असेल तर राजीनाम्याआधी स्वतःचा घ्या, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. आणि आपल्या कामात असाल तर दिवाळी अंकांची कामं खूप येतात म्हणून ऑगस्टमध्ये नोकरी सोडू नका, कामं येतील आणि पैसे संक्रांतीला येतील. एप्रिल-मेमध्ये सोडा, चार पतसंस्थांत जाऊन गेल्या वर्षीचा अहवाल मागा, तो चाळून यंदाचा कसा करता येईल याची दोन पानं करून दाखवा, जूनमध्ये फोन येतात.