घडीचं पान: महिना नववा

मंडळी, जुलैच्या अंकाच्या ११० प्रती गेल्या. नोव्हेंबरात ४० काढल्या होत्या, त्यातल्या २६ अजून माझ्या कपाटावर आहेत.

नव्या लोकांसाठी: ए-फोर कागद मधोमध दुमडायचा, चार पानं होतात. साताऱ्याच्या आसपासचं एक ठिकाण घ्यायचं, लिहायचं, झेरॉक्स मारायची आणि राजवाड्यापाशी चहाच्या टपरीवर ठेवायचं. एवढाच उद्योग.

पहिले तीन अंक आता वाचवत नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या अंकाची सुरुवात 'ऐतिहासिक सातारा नगरीचा मानबिंदू' अशी. अहो, सातारकराला हे काय सांगायचं? गच्चीत कपडे वाळत घालताना किल्ला दिसतो त्याला. बायको म्हणाली, "गॅदरिंगला निवेदन करतात तसं झालंय." दोन दिवस रुसलो आणि मग लिहिणं बदललं.

लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीवर आधी लिहिलं होतं, 'स्थापत्यकलेचा अजोड नमुना.' ते खोडलं. आता वाक्य असं आहे: 'पायऱ्या उतरताना डोक्यावरचं ऊन सुटतं आणि चपलांचा आवाज मोठा होतो.' सनावळी पहिल्या परिच्छेदात कोंबायची सवयही मोडली. वाचक शिलालेखापाशी थांबला की तिथेच सांगायचं, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४, बांधणाऱ्या वीरूबाई भोसले. आमराईला पाणी द्यायला केवढी उठाठेव!

त्याच अंकात आपटलो. नाव बारा मोटांचं, म्हणून मोटांच्या जागाही बाराच, असं ठोकून दिलं. आठवड्याने टपरीवर एक रिटायर्ड कंडक्टर काका माझी वाट बघत बसलेले. "मोजल्या का तुम्ही?" नव्हत्या मोजल्या. रविवारी जाऊन मोजल्या, पंधरा. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर 'चुकलं ते' अशी चौकट टाकली. आता लोक अंक हातात आला की आधी ती चौकट उघडतात. काका दर महिन्याला पंधरा प्रती नेतात, मुद्दाम पंधराच.

ओळखी वाढवायचा माझा पहिला प्रयत्न मात्र हसण्यासारखा होता. एका साहित्यिक कार्यक्रमात खुर्ची-खुर्चीवर अंक ठेवून आलो. मध्यंतरात बघतो तर निम्म्यांवर वडे. त्यापेक्षा सांगलीच्या एका गड्याशी केलेली अदलाबदल फळली. तो आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, यावर पानं काढतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि मधल्या पाच फुटांत गल्लीतली माणसं काय काय उचलून माळ्यावर टाकतात, ते तो असलं लिहितो की बास. आमच्या माहुलीला वेण्णा घेऊन कृष्णा पुढे त्याच्या पुलाखालून जाते, म्हटल्यावर गप्पा जमणारच. वीस त्याचे इकडे, वीस माझे तिकडे. मी आधी त्याच्या तीन अंकांवर सविस्तर पत्रं लिहिली होती, माझा अंक चौथ्या पत्रासोबत पाठवला. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यातले बरेच जण पहिल्याच भेटीत गठ्ठा काढतात.

राहिला माझा गुडघा. चढताना तो कुरकुरतो हे आधी मी लाजून कापून टाकायचो. मार्चमध्ये सज्जनगडावर लिहिताना चुकून राहून गेलं: 'पायऱ्यांवर विसावे दोन, तिसरा लपवला.' आता कंदी पेढ्याच्या दुकानात अनोळखी माणूस विचारतो, "गुडघा काय म्हणतोय?" तेव्हापासून प्रत्येक अंकात अंतराशेजारी विसावे देतो. गाईडबुकात ते नसतात.

पुढचा अंक कासचा. फुलांवर सगळेच लिहितात, म्हणून मी खालच्या कातळावर लिहिणार, त्यावरच्या मातीच्या पातळ थरावर. कंडक्टर काकांना कळलंय. काल म्हणाले, "थर मोजणार ना?"

पट्टी पिशवीत टाकलीय.