सगळी वजनं भरलेली असतील

मे महिना संपत आला की माझ्या वहीच्या एका पानावर वजनांची उभी यादी असते. १०६, ११३, १२० अशी सुरू होऊन खाली २८५ पौंडांपर्यंत. प्रत्येक आकड्यासमोर एक नाव हवं असतं. जूनमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ज्युनिअर गटाच्या कुस्तीच्या राष्ट्रीय ड्युअल्स होतात, राज्य विरुद्ध राज्य. ड्युअल म्हणजे दोन संघांची लढत: प्रत्येक वजनाला एक कुस्ती, आणि सगळ्यांचे गुण मिळून संघ जिंकतो किंवा हरतो. इलिनॉयचा संघ घेऊन जाणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये त्या वर्षी मीही होतो. एरवी मी शिकागोच्या पश्चिमेला, ऑरोराच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो आणि हिवाळाभर शाळेच्या पोरांना मॅटवर घेतो. कुस्ती मात्र कोल्हापुरातून आणलेली आहे. तालमीत माती उकरण्यापासून शिकलो.

आपल्याकडे राज्याच्या संघात नाव आलं की घरात पेढे वाटतात, कारण राष्ट्रीय स्पर्धेचं दार तिथूनच उघडतं. इथे चांगल्या पोराला दारं पुष्कळ असतात. लास वेगासची कुस्तीची यूएस ओपन, व्हर्जिनिया बीचच्या स्पर्धा, आणि जुलैत नॉर्थ डकोटामधलं फार्गो, जिथल्या बक्षिसाच्या अष्टकोनी फळीसाठी पोरं वर्षभर घाम गाळतात. रस्त्यावरच्या 'थांबा' पाटीसारखी दिसते म्हणून त्या फळीला सगळे 'स्टॉप साइन' म्हणतात. शिवाय प्रत्येकाचा खासगी क्लब, क्लबचा प्रशिक्षक, क्लबच्या सहली. या गर्दीत 'चार दिवस राज्यासाठी खेळायला ये' असं सांगायला मी फोन करतो. समोरून नकार येतो तो फार सभ्य असतो. 'थँक यू कोच, या वर्षी नाही जमणार.'

त्या शनिवारी सकाळी यादीत तीन जागा रिकाम्या होत्या. १२० ची चिंता नव्हती, दोन पोरं तयार होती, त्यातला एक निवडायचा होता. २८५ ला एक धिप्पाड पोरगा ऑरोरातलाच. आणि १४४ ला मला जो हवा होता, तो पिओरियाच्या पलीकडच्या एका छोट्या गावातला. दहावी नुकती संपलेली, दोन वर्षं आपल्या गटाचा राज्यविजेता. त्याने आदल्या रात्री एका ओळीत नकार कळवला होता.

आधी २८५ च्या पोराकडे गेलो. तो मामाच्या टायरच्या दुकानात शनिवार-रविवार काम करतो, आणि त्याची कमाई घरात लागते. टल्साला जायचं म्हणजे बस, हॉटेल, राज्याचे कपडे मिळून काही शे डॉलर भरायचे आणि वर चार दिवसांची मजुरी बुडवायची. आम्ही काही प्रशिक्षकांनी पैशांची सोय आधीच करून ठेवली होती, पण पोराला ते हातात घेणं जड जात होतं. मी मामांशी बोललो. ते टायर बसवता बसवता म्हणाले, "त्याला पैसे नकोत, कोच. त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं. तुम्ही पहिले." पाना खाली ठेवून त्यांनी हात पुसले आणि फॉर्मवर सही करायला पोराच्या आईला फोन लावला. दहा मिनिटांत काम झालं. क्रमवारीच्या याद्यांत या पोराचं नाव नव्हतं, पण तो पाठीवर सहजी जात नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग १४४ च्या मुलाच्या आईला फोन केला. येऊ का, विचारलं. त्या म्हणाल्या, "या, पण नवरा शेतात आहे. पाऊस थांबतच नव्हता, पेरणी मागे पडलीय. जेवायला साडेआठ होतील." ऑरोराहून निघालं की दोन्ही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची काळीभोर रानं लागतात. उसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ती सपाट जमीन आधी ओकीबोकी वाटते, पुढे आवडायला लागते.

निघण्याआधी मी एक काम केलं होतं, आणि त्या दिवसाचं सगळं यश त्यावरच उभं आहे असं मला मनापासून वाटतं. त्याच्या शाळेच्या हिवाळ्यातल्या सगळ्या ड्युअल्सचे निकाल मी काढून वाचले. शाळा लहान. वजनगट चौदा, आणि पोरं नऊ. हायस्कुलात जी फोकस्टाइल खेळतात, तिच्यात समोर कुणी उभंच राहिलं नाही तर प्रतिस्पर्ध्याच्या संघाला सहा गुण मिळतात. पाच वजनं रिकामी म्हणजे पहिली शिट्टी वाजायच्या आत तीस गुण गेले. चितपटीलाही सहाच गुण. हा पोरगा रात्रीमागून रात्री प्रतिस्पर्ध्याला पाठीवर टाकत होता, सहा गुण आणत होता, आणि त्याचा संघ तरीही हरत होता. अख्ख्या मोसमात एखाद्या तगड्या शाळेविरुद्ध त्याच्या संघाने एकही ड्युअल जिंकली नव्हती. राज्याच्या वैयक्तिक स्पर्धेत, शँपेन शहरातल्या त्या भरलेल्या स्टेडियममध्ये, त्याचा हात वर झाला होता. पण बेंचवरची पोरं आनंदाने धावत मॅटवर आली, असं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

वडील मला शेताच्या बांधावरच भेटले. पेरणी यंत्र बंद करून खाली उतरले, हात मिळवला. त्यांचं म्हणणं त्यांनी सरळ मांडलं, आणि ते चुकीचं मुळीच नव्हतं. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात १५ जूनपासून कॉलेजचे प्रशिक्षक पोरांना थेट फोन करू शकतात. मुलगा क्रमवारीत वर आहे. टल्साला प्रत्येक फेरीत एखादा चांगला पोरगा समोर येणार, तोही फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे ऑलिंपिकमधल्या प्रकारात, जी हा वर्षातले दोनच महिने खेळतो. एक पराभव झाला तर तो सगळ्यांना दिसणार. शिवाय कॉलेजच्या एका शिबिराचे पैसे भरलेत. "मी शेतकरी आहे," ते म्हणाले, "त्याची कॉलेजची फी मला झेपणार नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकेल. हा जुगार कशासाठी खेळायचा?"

मी त्यांना देशभक्तीसारखं राज्यभक्तीचं भाषण दिलं नाही. तसली भाषणं मी इतर प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकली आहेत आणि त्यामुळे कुणी संघात आलेलं पाहिलेलं नाही. मी कॉलेजबद्दल बोललो. कॉलेजचा मोसम म्हणजे मुख्यतः ड्युअल्सच. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आयोवा विद्यापीठाने ओक्लाहोमा स्टेटविरुद्धची ड्युअल फुटबॉलच्या मैदानात, उघड्यावर भरवली, तेव्हा ४२,२८७ माणसं आली होती, आणि आयोवा १८-१६ ने जिंकलं. दोन गुणांचा फरक. अशा लढतीत कुणीतरी हरताना चितपट झाला नाही, म्हणून संघ जिंकतो. तो कुणीतरी कोण असेल, हे कॉलेजचा प्रशिक्षक शोधत असतो. राज्यविजेते त्याला हवे तेवढे मिळतात.

ते ऐकून घेत होते, पण पटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

मी कोल्हापूर सांगितलं, आणि खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी त्याला रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने मॅटवरची कुस्ती शिकवली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गहाण हा शब्द निघाला आणि त्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं. इलिनॉयच्या शेतकऱ्याला कर्ज आणि गहाणवट समजावून सांगावी लागत नाही. "मास्तराने घर गहाण ठेवलं?" ते म्हणाले. "विद्यार्थ्यासाठी?" मग ट्रकमध्ये बसायची खूण केली. "चला, जेवताना बोलू. पोरगा काय म्हणतो बघू."

पोरगा काहीच म्हणत नव्हता. बटाटे, भाजलेलं मांस, मक्याची कणसं. आईने मला तीनदा वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता. सोळा वर्षांची पोरं वडिलांसमोर अशीच असतात, कोल्हापुरात काय आणि इथे काय. मी त्याला सरळ विचारलं, "जानेवारीतली ती रात्र आठवते? तू समोरच्याला पहिल्या मिनिटात पाठीवर टाकलंस आणि संघ पन्नासच्या आसपास गुणांनी हरला."

त्याने मान वर केली. "कुठली? तशा बऱ्याच आहेत."

"टल्साला सगळी वजनं भरलेली असतील," मी म्हणालो.

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "२८५ ला कोण आहे?"

मी या कामात जे शिकलो ते या एका प्रश्नात आहे. अव्वल पोरं गर्विष्ठ असतात म्हणून येत नाहीत, असं आमच्यातले पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. त्यांना एकट्याने जिंकायची सवय लागते, कारण संघाने जिंकायची आशा सोडून त्यांना बरीच वर्षं झालेली असतात. त्यांना आणखी एक स्पर्धा नको असते. आपल्या आधी आणि आपल्यानंतर कोण उभं राहणार आहे, हे कळायला हवं असतं. म्हणून जो प्रशिक्षक आधी ताऱ्यांना फोन करतो आणि उरलेली वजनं मग भरू म्हणतो, त्याला तारे मिळत नाहीत. मी उलट करतो. सर्वांत हलकं आणि सर्वांत जड वजन आधी, कारण तिथे पोरं कमी असतात आणि जागा रिकाम्या पडतात त्या तिथेच. त्या दिवशी टायरच्या दुकानात आधी गेलो ते यासाठीच.

मी २८५ च्या पोराचं नाव सांगितलं. याने त्याला फेब्रुवारीत पाहिलं होतं. "तो येतोय?" म्हणाला. "तो पाठीवर जात नाही." मग १५० ला कोण, १३८ ला कोण. प्रत्येक नावाला त्याच्याकडे काहीतरी सांगायला होतं, कुणाचा डावा पाय पुढे असतो, कुणाचा दम शेवटच्या मिनिटात संपतो. वडील घास हातात धरून ऐकत होते. पोरगा इतकं बोलतो हे त्यांनाही नवं असावं. शेवटी तेच म्हणाले, "शिबिराचे पैसे परत मिळतात का, ते उद्या बघतो."

टल्साला शिकागोहून जायचा रस्ता जवळजवळ जुन्या रूट ६६ च्या कडेकडेनेच जातो, सेंट लुईसवरून. दिवसभराचा प्रवास. बसमध्ये २८५ आणि १४४ शेजारी बसले ते शेवटपर्यंत.

तिथलं सगळं सांगत बसत नाही, एक लढत सांगतो. आमच्या १५० च्या पोराचा गुडघा ग्रीको-रोमनमध्येच, म्हणजे कंबरेखाली पकड न करायच्या प्रकारात, दुखावला. फ्रीस्टाइलच्या एका ड्युअलमध्ये १४४ च्या मुलाला एक वजन वर खेळवायचं ठरलं, आणि त्याच्या जागी आमचा राखीव पोरगा. १४४ च्या मुलाचे वडीलही टल्साला आले होते. मी आधी त्यांच्याकडे पाहिलं, कारण त्यांना ज्याची भीती होती तेच आता समोर होतं. ते काही बोलले नाहीत. समोरचा पोरगा ताकदीने जास्त. आमचा मुलगा ४-८ ने मागे होता, शेवटचा अर्धा मिनिट उरला होता, तरी पट काढायला घुसतच होता. हरला. पण फ्रीस्टाइलच्या ड्युअलमध्ये गुणांवर हरताना तुम्ही स्वतः एक जरी गुण कमावला असला, तर जिंकणाऱ्या संघाला तीन आणि तुमच्या संघाला एक मिळतो. काहीच न कमावता हरलात तर शून्य. दहा गुणांची आघाडी घेऊ दिलीत तर समोरच्याला चार, चितपटीला पाच. त्याने आमच्या फळ्यावर एक आणून दिला.

त्या लढतीतली शेवटची कुस्ती २८५ ची होती. आम्ही दोनने मागे. टायरच्या दुकानातला पोरगा शेवटपर्यंत एखाद्या ओंडक्यासारखा रुतून उभा राहिला, समोरच्याला एकही गुण दिला नाही, दोनदा त्याला मॅटबाहेर ढकललं आणि २-० ने जिंकला. आम्हाला तीन, त्यांना शून्य. एका गुणाने ड्युअल आमची. हरलेला १४४ चा मुलगा सगळ्यांच्या आधी मॅटकडे धावला आणि त्या अगडबंब पोराच्या अंगावर चढला. पुढच्या लढतीत पूर्वेकडच्या एका बलाढ्य राज्याने आम्हाला धुऊन काढलं, तीही वस्तुस्थिती आहे.

१४४ च्या मुलाच्या वडिलांनी कागदावर प्रत्येक वजनाचे गुण लिहून ठेवले होते. परतीच्या वेळी ते मला म्हणाले, "त्या १०६ ला तुमचा पोरगा कमी पडतोय." मी म्हटलं, खरं आहे, एक चांगला आहे, पण त्याचे वडील ऐकत नाहीत. कुठला म्हणाल्यावर मी गाव सांगितलं. तेही शेतकरीच, दोन काउंटी पलीकडचे. "नंबर द्या," ते म्हणाले. ऑगस्टमध्ये, मका अजून उभा असताना, त्यांनी त्या घरी फोन लावला, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत मी पहिलं नाव १०६ समोर लिहिलं.