रविवारची गाडी

केवळ रविवारसाठी दोन आसनांची हलकी स्पोर्ट्‌स कार घ्यावी असे मनात आले, तेव्हा मी ताकदीआधी वजन पाहिले. १९८९ची माझदा एमएक्स-५ साधारण एक टनाची, तर १९९६ची लोटस एलिस, अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेल्या सांगाड्यामुळे, त्याहूनही बरीच हलकी. म्हणूनच माफक इंजिन असूनही या गाड्या वळणांवर चपळ वाटतात. मात्र परदेशातून आणायची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, असा आपल्याकडे नियम असल्याने या दोन्ही बाद झाल्या.

उरली फायबरच्या बॉडीची, रेनॉचे छोटे इंजिन असलेली देशी सॅन स्टॉर्म. दादरला एक पाहिली. तिच्यात बसावे लागत नाही, अक्षरशः उतरावे लागते, आणि सिग्नलला बेस्टच्या बसचे चाक थेट कानाशी येते. छपराच्या रबरी पट्टीला तडे गेले होते. जुलैत पाणी मांडीवर गळेल, हे मालकांनी हसत कबूल केले. (भाजीची पिशवी कुठे ठेवणार, हा सौभाग्यवतींचा प्रश्न मी सोयीस्करपणे टाळला.) टोकन अद्याप दिलेले नाही, सोसायटीच्या फाटकापाशी असलेल्या गतिरोधकावर तिचे पोट घासते का, ते आधी पाहायचे आहे.