फी माफ, पण बसभाड्याचं काय?

सॅन डिएगोत राहणाऱ्या आपल्या मंडळींना सीमेपलीकडचं, मेक्सिकोतलं तिहुआना शहर माहीत असतं ते दातांच्या स्वस्त डॉक्टरांमुळे, नाहीतर पूर्वी तिथे व्हायच्या त्या व्हिसाच्या स्टँपिंगमुळे. आम्ही तिकडे जायला लागलो ते मुलांच्या शिक्षणापायी. मुलं आमची नव्हेत. सीमेच्या कुंपणाला खेटून असलेल्या लॉस लौरेलेस नावाच्या वस्तीतल्या काही मुलामुलींचा शाळेचा खर्च इथले निवृत्त शिक्षक मिळून उचलतात. त्यांच्या गटात आम्ही नवराबायको सामील झालो. दरमहा ठरलेली रक्कम भरायची आणि वर्षातून निदान एकदा जाऊन भेटायचं, एवढी अट. इथल्या मराठी मंडळात हे कळल्यापासून जो तो विचारतो: कागदपत्रं काय लागतात, भीती नाही का वाटत, आणि मुख्य म्हणजे, तिथे जाऊन नक्की करता काय? म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी तपासणी झाली ती आमचीच. लहान मुलांशी संबंध येणार म्हणून पोलिसांकडची नोंद पाहिली गेली, दोन ओळखीच्या माणसांना फोन गेले, मग नियमांचा कागद हातात आला. मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या कौटुंबिक ग्रुपवरसुद्धा नाही. फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. वेगळी भेटवस्तू नाही, रोख पैसे तर नाहीतच. आणि ‘तुला अमेरिका दाखवीन’ असला शब्द चुकूनही द्यायचा नाही. नवरा म्हणाला, एवढे नियम आपल्या ठाण्याच्या सोसायटीतही नाहीत. पण शेवटचा नियम कशासाठी आहे ते तिथल्या गल्लीत उभं राहिलं की समजतं. तिथून अमेरिकेतली हिरवी टेकडी डोळ्यांनी दिसते.

आता कागदपत्रांचं. भारतीय पासपोर्ट असेल आणि अमेरिकेचा व्हिसा चालू असेल, किंवा ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आमची ग्रीन कार्डं आलेली होती, त्यामुळे प्रश्न नव्हता. एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र एक गोष्ट नीट बघावी. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपला असला तरी आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्याची सरकारी नोंद, चालू असेल, तर मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून अमेरिकेत परत येता येतं, असं बरेच जण सांगतात. ते खरं आहे. पण तो नियम अमेरिकेचा, परत येण्यापुरता. मेक्सिकोत शिरताना मेक्सिकोचा अधिकारी शिक्का बघतो, आणि शिक्का संपला असेल तर नुसत्या मुदतवाढीच्या कागदावर तो आत सोडत नाही. गटातल्या एका तेलुगू मुलाला असंच फाटकातून परत फिरावं लागलं.

बाकी जाणं सोपं. ब्लू लाइन ट्रॉली सॅन इसिद्रोला थेट सीमेपाशी सोडते. तिथून पायी, लोखंडी फिरत्या फाटकातून पलीकडे. इमिग्रेशनच्या खिडकीत ‘कुठे, किती दिवस’ एवढं विचारून शिक्का मिळतो, सामान यंत्रातून जातं, की झालं. जुने कपडे पोत्यात भरून नेण्याचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो. तो आवरावा, कस्टमवाले अडवतात. शिवाय वह्या-पेन्सिली तिथल्याच दुकानातून घेतल्या तर पैसे तिथे राहतात. भीतीचं म्हणाल, तर आम्ही दिवसाच जातो, समन्वयक बाईंच्या गाडीतून जातो आणि काळोख पडायच्या आत फाटकाशी परत येतो. बाई त्याच वस्तीत राहतात, पूर्वी शिक्षिका होत्या, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना ‘माएस्त्रा’ म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो.

लॉस लौरेलेस ही खरं तर एक दरी आहे. दोन्ही बाजूंच्या उतारांवर घरं चढत गेलेली. माती धसू नये म्हणून जुने टायर एकावर एक रचून बांध घातलेले, आणि कितीतरी घरांच्या भिंती म्हणजे सॅन डिएगोत जुनी झाली म्हणून काढलेली गॅरेजची दारं. पाऊस फारसा पडत नाही, पण पडला की चिखल आणि कचरा दरीतून थेट सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या खाडीत जाऊन पडतो. मग तिकडे वर्तमानपत्रात बातमी येते. इकडे त्याच दिवशी शाळा बंद असते, त्याची कोणी बातमी करत नाही.

शाळेची रचना आपल्याला पटकन समजते. सहा वर्षं प्रिमारिया, मग तीन वर्षं सेकुंदारिया म्हणजे आपली सातवी ते नववी, मग तीन वर्षं प्रेपा, म्हणजे दहावी ते बारावी. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे सरकारी शिक्षण मोफत, आणि २०१२ पासून प्रेपासुद्धा सक्तीच्या शिक्षणात धरली जाते. पाठ्यपुस्तकं तर मोफत द्यायची असं सरकारने १९५९ मध्येच ठरवलं, आजही देतात. गुण दहापैकी, सहा मिळाले की पास. कागदावर बघितलं तर तुम्हाआम्हाला पैसे द्यायचं कारणच नाही.

पण पालक संघाची ‘ऐच्छिक’ वर्गणी असते, आणि ती किती ऐच्छिक असते हे आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला सांगायला नको. गणवेश दोन, एक रोजचा आणि एक खेळाचा. सोमवारी झेंडावंदन, त्याला स्वच्छ पांढरं हवं. हुशार मुलांची सहाजणांची तुकडी झेंडा घेऊन चालते. त्यात निवड होणं हा मोठा मान, आणि त्या मानाचे बूट-मोजे वेगळे. वह्या विषयागणिक ठरलेल्या, चौकटींच्या वेगळ्या, रेघांच्या वेगळ्या, आणि प्रत्येकीला ठरलेल्या रंगाचा कागद नि वर प्लॅस्टिक. खाकी कव्हरं घालून हात दुखवून घेतलेल्या पिढीतली मी. तिथे टेबलावर बसून कव्हरं घालायचं काम कोणी न सांगता माझ्याकडे आलं.

या सगळ्यापेक्षा मोठा खर्च बसचा. प्रेपा दरीत नाही. वर मुख्य रस्त्यापर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. या लहान बसना तिथे कालाफिया म्हणतात. जाऊन-येऊन दिवसाला साठ-सत्तर पेसो. २०२५ साली सीमाभागातलं किमान वेतन होतं दिवसाला ४१९.८८ पेसो. म्हणजे एका कमावत्या माणसाच्या रोजातला सहावा-सातवा भाग एका मुलीच्या बसला. घरात शिकणारी दोन असली तर हिशेब तुम्हीच करा.

सरकार काहीच देत नाही असं नाही. सरकारी प्रेपाच्या मुलांना २०१९ पासून एकोणिसाव्या शतकातले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, आणि सेकुंदारियासाठी २०२५ पासून रीता सेतिना यांच्या नावाची. या रीताबाईंनी १८७० मध्ये युकातानातल्या मेरिदा शहरात मुलींची शाळा काढली होती. पुण्यातल्या आपल्या सावित्रीबाईंच्या शाळेनंतर बावीस वर्षांनी. हे कळल्यावर मला त्या शिष्यवृत्तीबद्दल उगाचच आपुलकी वाटायला लागली. रक्कम त्या वर्षी दोन्हीकडे दोन महिन्यांना १,९०० पेसो. दोन महिन्यांत शाळेचे चाळीसेक दिवस धरले तर दिवसाला ४७-४८ पेसो. बस त्यातही भागत नाही, आणि मधेच गॅसची टाकी संपते, पाण्याचा टँकर येतो, ते वेगळंच.

याच्या उलट बाजूला कारखाने. तिहुआनात माकिलादोरा म्हणजे परदेशी कंपन्यांसाठी जुळणी करणारे कारखाने १९६५ च्या सीमा-औद्योगिकीकरण योजनेपासून वाढत गेले. आज टीव्ही, वैद्यकीय उपकरणं, काय नाही ते तिथे तयार होतं. आणि या कारखान्यांच्या बसगाड्या कामगारांना न्यायला वस्तीच्या तोंडाशी येतात. फुकट. माएस्त्रांनी हे मला बोट दाखवून सांगितलं: ‘ही गाडी रोज येते. शाळेची येत नाही.’ पोरं शाळा का सोडतात यावर मी बरंच वाचलं होतं, पण एवढं नेमकं कुठे सापडलं नव्हतं.

आता भेटीबद्दल. वस्तीतल्या छोट्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, मुलं आईबरोबर किंवा आजीबरोबर येतात, गुणपत्रक दाखवतात, वर्षभराचा खर्च वहीत लिहिला जातो. गटातल्या काही जणांना मुलांनी गाणं म्हणावं, इंग्रजीतून चार वाक्यं बोलावीत अशी हौस असते. मला ते सोसत नाही. माझे आजोबा पुण्यात वारावर जेवून शिकले. सगळ्यांत चांगलं जेवण ज्या घरी असायचं, तिथले यजमान पाहुणे आले की आजोबांना श्लोक म्हणायला लावत आणि मग पान वाढायला सांगत. नव्वदीतही आजोबा त्या घराचं नाव काढत नसत. ज्या काकू नुसतं ‘उद्या परीक्षा आहे का रे, डबा बांधून देऊ?’ असं विचारत, त्यांच्याबद्दल तासभर बोलत. तेव्हा श्लोक नको, डब्याबद्दल विचारायचं, एवढं पक्कं करून मी जाते. ‘मोठेपणी कोण होणार’ हेसुद्धा विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं आणि ते आपल्याला बरं वाटावं म्हणूनच दिलेलं असतं.

आमच्याकडची मुलगी सेकुंदारियाच्या शेवटच्या वर्षाला होती. गणितात नऊ, इंग्रजीत सात. किती वाजता उठतेस, अभ्यास कुठे बसून करतेस, कोणती गाडी पकडतेस, असं आमच्या मोडक्या स्पॅनिशमधून आणि माएस्त्रांच्या मदतीने चाललं होतं. हजेरी थोडी कमी होती. आजारपण होतं का, असं विचारल्यावर आईने पिशवीतून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं, औषधाच्या दुकानातून फुकट मिळतं तसलं. आपल्याकडे दुधाचं खातं लिहावं तसे रोजच्या चौकटीत बसचे पेसो लिहिलेले. ज्या दिवशी मुलगी गेली नाही त्या दिवसाला पेनने गोल. मी पानं उलटत गेले. गोल जवळजवळ सगळे गुरुवारचे होते.

कारखान्यात पगार शुक्रवारी, आठवड्याचा. गुरुवारी घरात सुटे पैसे उरत नाहीत, म्हणून गुरुवारी शाळा बुडते. त्या गुरुवारी शाळेत काय असायचं हे माएस्त्रांनी विचारलं, तर मुलगी म्हणाली, ‘इंग्रजी, दोन तास.’ सात गुण कुठून आले ते समजलं.

गटाची मदत तोवर तीन महिन्यांतून एकदा एकरकमी जात होती. हिशेबाला सोपं, म्हणून. पण एकरकमी आलेल्या पैशाला घरात शंभर वाटा असतात, आणि त्यातल्या नव्याण्णव अगदी योग्य असतात. नवऱ्याने परत आल्यावर गटाला एक पानभर पत्र लिहिलं. बसचे पैसे वेगळे काढायचे आणि माएस्त्रांनी ते दर बुधवारी संध्याकाळी द्यायचे, असं बऱ्याच वादानंतर ठरलं. माएस्त्रांचं काम वाढलं, हे खरं. त्या स्वतः मात्र म्हणाल्या, की बुधवारी सगळी घरं दिसतात, कोण कुठे अडलंय ते कळतं.

परतीचा प्रवास कंटाळवाणा. अमेरिकेकडे येणारी पायी रांग कधी अर्ध्या तासात सरते, कधी दोन-अडीच तास जागची हलत नाही. पाण्याची बाटली आणि ग्रीन कार्ड हाताशी ठेवा. मुलीच्या आईने निघताना पेरू दिले होते, वाण गुलाबी, वास असा की सांगली आठवावी. असली ताजी फळं सीमेवरून आणता येत नाहीत. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून रांगेत उभ्याउभ्या खाल्ले, पुढच्या-मागच्यांनाही वाटले. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ‘काय आणलंत’ विचारलं तेव्हा प्रामाणिकपणे ‘काही नाही’ म्हणता आलं.

मुलीला प्रेपात जागा मिळाली आहे, पण दुपारच्या सत्राची. सरकारी शाळा दोन सत्रांत चालतात, आणि हे सत्र सुटतं रात्री आठच्या सुमारास. मुख्य रस्त्यापर्यंत कालाफिया मिळेल, तिथून खाली दरीत अंधारातून चालत यायचं. भाऊ अठराचा आहे, प्रेपा अर्धवट सोडून कारखान्यात लागला. तो रात्रपाळीला असला की घ्यायला जाणार कोण? माएस्त्रांनी सकाळच्या सत्रासाठी अर्ज करून ठेवलाय. तोवर त्या शेवटच्या टप्प्यापुरती टॅक्सी लावून द्यावी असं मी सुचवलं. आमचे खजिनदार सज्जन गृहस्थ, पण त्यांच्या मते टॅक्सी शैक्षणिक खर्चात बसत नाही. त्यावर बैठक पुढच्या आठवड्यात आहे, आणि नवऱ्याने टॅक्सीचे दर माएस्त्रांकडून आधीच लिहून घेतलेत.